एफएससीके चालवण्याआधी

वीज जाते, परत येते, लिनक्सचा संगणक पुन्हा सुरू केला जातो आणि लॉगिनच्या पडद्याऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटते: अनएक्सपेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली. खाली कर्सर लुकलुकत राहतो. संगणकच सांगतोय म्हटल्यावर बहुतेक जण एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, टाइप करतात. मग तो एकामागून एक प्रश्न विचारायला लागतो. अमुक आयनोड, म्हणजे फाइलीची रचनेतली नोंद, साफ करू? तमुक ब्लॉक मोजणीत चुकला आहे, दुरुस्त करू? दहाव्या-बाराव्या प्रश्नाला कंटाळून माणूस बाहेर पडतो आणि तीच आज्ञा 'वाय' जोडून देतो, म्हणजे सगळ्याला एकरकमी होकार. पण ही ओळ पडद्यावर का आली, हे आधी बघायला हवं. सुरू होताना लिनक्स एफएससीके स्वतःहून चालवतोच, फक्त 'प्रीन' नावाच्या बेताच्या पद्धतीनं. जे निर्धोकपणे दुरुस्त होतं तेवढं ही पद्धत निमूट करून टाकते. जिथं माणसानं विचार करून ठरवायला हवं, तिथं ती थांबते. म्हणजे 'मॅन्युअली' याचा अर्थ इथून पुढचा निर्णय यंत्रानं घेऊ नये असा आहे, आणि आपण नेमक्या त्याच वेळी सगळे निर्णय डोळे मिटून यंत्राला परत देतो. जर्नल असलेली फाइल सिस्टिम बिघडते तेव्हा दोष बहुतेकदा फाइल सिस्टिमच्या बाहेर, तिच्या खालच्या थरात असतो. तो दोष ओळखून डेटाची प्रत काढेपर्यंत एफएससीके हे दुरुस्तीचं साधन नाही, नुकसान कायम करण्याचं साधन आहे. गेल्या पंचवीसेक वर्षांतलं संशोधन आणि अनुभव तपासला तर पुरावा याच बाजूला झुकतो.

जर्नल नेमकं काय करतं ते समजलं की बाकीचं सोपं होतं. गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो आणि मग खतावणीत चढवतो. खतावणी चढवता चढवता हात थांबला, तर दुसऱ्या दिवशी रोजकीर्द उघडून राहिलेलं पुरं करता येतं. रोजकीर्दीतलीच नोंद अर्धवट असेल तर ती सोडून द्यायची, खतावणीला धक्का लागत नाही. ईएक्सटी-फोर, एक्सएफएस, जेएफएस या सगळ्यांची रीत हीच. १९९० च्या दशकात लिनक्सवर जी ईएक्सटी-टू होती तिला जर्नल नव्हतं. वीज गेली की पूर्ण डिस्क तपासल्याशिवाय सुटका नसे, आणि डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही तपासणी तासांवर गेली. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये याच ईएक्सटी-टूला जर्नल जोडण्याचा आराखडा मांडला. २००१ च्या अखेरीस तो ईएक्सटी-थ्री या नावानं मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आला. रायझरएफएस त्याच वर्षी त्याच्या थोडं आधी आली होती. ईएक्सटी-फोर २००८ च्या डिसेंबरमध्ये स्थिर म्हणून जाहीर झाली. तेव्हापासून वीज गेल्यावर होणारं काम म्हणजे जर्नल पुन्हा वाचून काढणं, आणि त्याला सहसा काही सेकंद पुरतात.

यातून मिळणारं आश्वासन मात्र मर्यादित आहे, आणि गैरसमज इथंच सुरू होतात. ईएक्सटी-फोर तिच्या नेहमीच्या 'ऑर्डर्ड' पद्धतीत फाइलींमधला मजकूर जर्नलमध्ये लिहीतच नाही. लिहिते ती फक्त रचना, म्हणजे कोणती फाइल कुठल्या ब्लॉकमध्ये आहे, नाव काय, आकार किती. मजकुराचा क्रम पाळला जातो एवढंच. २००९ मध्ये ईएक्सटी-फोर नवी असताना वीज गेल्यावर सेटिंगच्या फाइली शून्य आकाराच्या होतात अशा तक्रारींचा गदारोळ उठला होता. फाइल सिस्टिमच्या दृष्टीनं तेव्हा काहीच बिघडलेलं नव्हतं. शून्य आकाराची फाइल ही रचनेच्या हिशेबात पूर्ण वैध फाइल. दोष वरच्या थरात होता: मजकूर डिस्कवर नक्की उतरवण्याची सूचना प्रोग्रामांनी दिलीच नव्हती. पुढे २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी एसक्यूलाइट, पोस्टग्रेस, गिट अशा ११ नावाजलेल्या प्रणाली तपासल्या आणि अचानक बंद पडण्याच्या प्रसंगी डेटा धोक्यात आणणारे ६० दोष शोधून काढले. जर्नल शाबूत असताना डेटा जाऊ शकतो, हा या सगळ्याचा पहिला धडा. दुसरा धडा त्याच्या उलट बाजूनं येतो. वीज जाणं हे जर्नलचं नेहमीचं, अपेक्षित काम आहे. त्यानं ते नीट केलं तर प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही. प्रश्न आले याचा अर्थ नुसती वीज जाण्यापलीकडे काहीतरी घडलं आहे.

याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जायचीही गरज नाही. कोडोलीसारख्या पन्हाळा तालुक्यातल्या मोठ्या गावात लिनक्स कुठं आहे असं विचारलं तर लोक वारणानगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबकडे बोट दाखवतील, फार तर दुकानातल्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरकडे. खरं तर तो प्रत्येकाच्या खिशात आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे, २०१० च्या अखेरीपासून अँड्रॉइड फोनांत ईएक्सटी-फोर वापरली जाऊ लागली आणि आजही ती किंवा एफ-टू-एफएस वापरात आहे. हे फोन उन्हात तापतात, हातातून पडतात, मध्येच हँग होऊन जबरदस्तीनं बंद केले जातात. तरी फाइल सिस्टिम विस्कटली म्हणून दुरुस्तीला आलेला फोन क्वचितच दिसतो. तीच फाइल सिस्टिम टेबलावरच्या संगणकात गेली की तक्रारी सुरू. फरक कुठला? फोनला स्वतःची बॅटरी असते, त्याची साठवणूक बोर्डावरच झाळलेली असते, मध्ये ढिली होणारी केबल नसते. टेबलावरच्या संगणकात धुळीनं भरलेला पॉवर सप्लाय असतो, कधीही न बदललेली साटा केबल असते आणि अनेकदा कुठल्या तरी जुन्या यंत्रातून काढून लावलेली डिस्क असते. सॉफ्टवेअर तेच आहे, खालचा थर बदलला आहे.

या भागात संगणक आणि वीज यांची गाठ काही काल-परवा पडलेली नाही. १९९८ मध्ये पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकारानं आणि एनआयसीच्या मदतीनं 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प वारणा खोऱ्यात उभा राहिला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं त्यात होती. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजन आणि बिल या गोष्टी गावातच कळाव्यात म्हणून संगणक असलेली केंद्रं काढली गेली. देशभर त्याचं कौतुक झालं. पुढे २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी यातल्या सात गावांत गावचा संगणक काढून त्या जागी मोबाइल फोन आणि एसएमएस वापरून बघितला. गावकरी ज्यासाठी संगणक वापरत होते ते काम साध्या फोनवर भागत होतं, आणि संगणक चालता ठेवण्याचा खर्च वाचत होता. हा प्रयोग ग्रामीण माहिती केंद्रांबद्दलच्या चर्चेत वारंवार उद्धृत होतो, पण त्याची एक बाजू सहसा बोलली जात नाही. गावोगावचे संगणक गेले तरी डेटा गेला नाही. तो एका ठिकाणी गोळा झाला. एसएमएस घेणारा, हिशेब ठेवणारा संगणक कुठंतरी असतोच. यंत्रं कमी झाली की उरलेल्या प्रत्येक यंत्राच्या डिस्कचं मोल वाढतं, मग तो संगणक विंडोजवर चालो की लिनक्सवर.

खालच्या थरावर किती भरवसा ठेवता येतो याची मोजमापं उपलब्ध आहेत, आणि ती फारशी दिलासा देणारी नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख ३० हजार डिस्क ४१ महिने तपासल्या गेल्या आणि चेकसम न जुळण्याचे, म्हणजे लिहिलं एक आणि वाचलं भलतंच, असे ४ लाखांवर प्रसंग सापडले. पहिल्या १७ महिन्यांत स्वस्त साटा जातीच्या डिस्कपैकी ०.६६ टक्के आणि महागड्या डिस्कपैकी ०.०६ टक्के डिस्कमध्ये हा दोष दिसला. टक्का लहान वाटतो. पण दहापट फरक लक्षात घ्यावा, आणि गावातल्या दुकानात मिळते ती डिस्क यांपैकी कुठल्या जातीची असते तेही. मेमरीची गोष्ट वेगळी नाही. गूगलच्या यंत्रांवर २००९ मध्ये झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या. तिथं चूक पकडणारी ईसीसी मेमरी होती म्हणून त्या मोजता तरी आल्या. घरच्या संगणकात ईसीसी सहसा नसते. तिथं बिघडलेला बिट गुपचूप डिस्कवर जाऊन बसतो. एसएसडी आल्यावर लोकांना वाटलं, फिरणारा भाग नाही म्हणजे चिंता मिटली. २०१३ मध्ये १५ एसएसडींना मुद्दाम मध्येच वीज तोडून तपासलं गेलं तेव्हा त्यांतल्या १३ कशा ना कशा प्रकारे चुकल्या: कुठं लिहिलेला मजकूर नाहीसा, कुठं अर्धवट, कुठं क्रम उलटा. एक तर कायमची बंद पडली. क्रम उलटणं ही जर्नलच्या दृष्टीनं सर्वांत वाईट गोष्ट. रोजकीर्द आधी आणि खतावणी नंतर या एका अटीवर सगळी इमारत उभी आहे. डिस्क 'लिहून झालं' असं खोटंच सांगत असेल, तर जर्नलचा काही इलाज चालत नाही. हा क्रम पाळायला डिस्कला भाग पाडणारी 'बॅरियर' नावाची सोय ईएक्सटी-थ्रीमध्ये कित्येक वर्षं वेगासाठी बंदच ठेवलेली असे. ईएक्सटी-फोरमध्ये ती सुरुवातीपासून चालू आहे, पण वेग वाढवायचा म्हणून ती बंद करण्याचे सल्ले अजून फिरतात.

फाइल सिस्टिम लिहिणाऱ्यांनी याची दखल घेतली नाही असं नाही. विस्कॉन्सिनच्याच गटानं २००५ मध्ये फाइल सिस्टिम डिस्कच्या चुकांना कसं तोंड देतात ते तपासलं आणि चित्र निराशाजनक निघालं: बऱ्याच ठिकाणी लिहिताना आलेली चूक कर्नल बघतही नव्हता. जर्नलमधल्या नोंदींना चेकसम जोडण्याची कल्पना त्यांनी मांडली. क्लस्टर फाइल सिस्टिम्स या कंपनीत काम करणारे गिरीश शिलमकर आणि त्यांचे सहकारी यांनी ती ईएक्सटी-फोरसाठी प्रत्यक्षात उतरवली. २००८ च्या जानेवारीत ती कर्नलमध्ये दाखल झाली. २०१२ मध्ये इतर सगळ्या रचनेलाही चेकसम जोडण्याची सोय आली. यानं खोटी नोंद पकडली जाते, खरी नोंद परत मिळत नाही. आणि पकडली गेल्यावर पडद्यावर तीच ओळ येते, एफएससीके चालवा.

आता त्या 'वाय'कडे जरा जवळून बघू. खराब होत चाललेल्या डिस्कवर एफएससीके चालवला आणि एखादा ब्लॉक वाचता आला नाही, तर तो दोन प्रश्न विचारतो: चूक दुर्लक्षित करू? आणि पाठोपाठ, जबरदस्तीनं पुन्हा लिहू? सरसकट होकार दिला की जो ब्लॉक वाचता आलेला नाही त्याच्याच जागी लिहिलं जातं. आज न वाचता आलेला सेक्टर उद्या दहाव्या प्रयत्नात वाचता आला असता. लिहिल्यावर ती शक्यता संपते. मेमरीची पट्टी खराब असेल तर प्रकार आणखी उफराटा. डिस्कवरची नोंद बरोबर असते, मेमरीत येताना चुकते, एफएससीके तिला चूक ठरवतो आणि 'दुरुस्त' करून डिस्कवर लिहितो. चांगल्या खतावणीवर खाडाखोड. आयनोड साफ करू का याला हो म्हटलं की ती फाइल गेली. रचनेतला एखादा वरचा फोल्डर नाहीसा झाला तर त्याच्या पोटातल्या फाइली लॉस्ट-अँड-फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात, नावाच्या जागी नुसता क्रमांक घेऊन. तीन वर्षांच्या बिलांच्या काही हजार फाइली अशा क्रमांकांनिशी समोर आल्या तर तांत्रिकदृष्ट्या डेटा वाचलेला असतो, आणि प्रत्यक्षात कुणाला त्यातलं एक बिल शोधून देता येत नाही. शेवटी एफएससीके 'क्लीन' असा शेरा देतो. तो शेरा खराही असतो, कारण एफएससीकेचं काम रचना सुसंगत करणं हे आहे. अर्धा हिशेब पुसून उरलेला अर्धा जुळवला, तरी तो सुसंगतच म्हणायचा.

म्हणून क्रम बदलायला हवा. पहिली गोष्ट, यंत्राला आणखी काही लिहू द्यायचं नाही. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सनं संगणक सुरू करावा आणि खराब डिस्क आपोआप जोडली गेली नाही ना, ते बघावं. इथं एक खाच आहे, आणि भले भले तिच्यात अडकतात. ईएक्सटी-फोर 'रीड-ओन्ली' म्हणून जोडली तरी जर्नल अपुरं असेल तर ती आधी ते पुरं करते, म्हणजे डिस्कवर लिहिते. खरोखर काही न लिहिता जोडायची असेल तर रीड-ओन्लीसोबत 'नोलोड' हा पर्याय द्यावा लागतो. एक्सएफएसमध्ये त्याला 'नोरिकव्हरी' म्हणतात. दुसरी गोष्ट, कर्नलच्या नोंदी वाचायच्या, म्हणजे डीमेसेज. तिथं फाइल सिस्टिमच्या चुकीच्या आधी डिस्कची किंवा साटाची चूक दिसली, तर प्रश्न फाइल सिस्टिमचा नाहीच. मग स्मार्टसीटीएलनं डिस्कचा स्वतःचा दाखला मागायचा. त्यातल्या अनेक आकड्यांपैकी चार बघितले तरी बरंच कळतं. क्रमांक ५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येता ताटकळलेले, १९८ म्हणजे डिस्कनं हात टेकलेले. हे वाढत असतील तर डिस्क चालली. १९९ मात्र वेगळं सांगतो: डिस्क ठीक, तिच्यापर्यंत येणारा डेटा वाटेत बिघडतोय, म्हणजे बहुधा केबल. ज्या बिघाडापायी डिस्क फेकून देण्याचा सल्ला मिळतो, तो कधी कधी शंभरेक रुपयांच्या केबलनं संपतो. अर्थात आकडे स्वच्छ आहेत म्हणून डिस्क ठणठणीत, असं मात्र समजू नये. गूगलनं २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास केला तेव्हा मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी त्या अभ्यासानं महत्त्वाचे मानलेल्या चार आकड्यांमध्ये आधी काहीच इशारा दिलेला नव्हता. मेमरीची शंका असेल तर मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवावी. हे सगळं होईपर्यंत डिस्कला कुणी हात लावलेला नसतो, आणि हाच त्यातला फायदा.

तिसरी गोष्ट प्रत. डीडीरेस्क्यू हे साधन त्यासाठीच केलेलं आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढं जातं आणि शेवटी मागं राहिलेल्या तुकड्यांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. मरू घातलेल्या डिस्कचे उरलेले तास चांगल्या भागावर खर्च होतात. कुठवर आलो याची नोंद ते नकाशाच्या फाइलीत ठेवतं. कोडोलीत या फाइलीचं महत्त्व वेगळ्यानं सांगायला नको: मध्येच वीज गेली तरी काम जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होतं. एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगानं वाचली गेली तर पावणेतीन तास लागतात. जुन्या यूएसबीच्या वेगानं रात्र जाते. मग जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर. तिथं एफएससीकेला खुशाल 'वाय' द्या. वाईट निघालं तर दुसरी प्रत आहे.

यावर गावातला दुरुस्ती करणारा पहिला आक्षेप घेईल तो व्यवहाराचा, आणि तो रास्त आहे. गिऱ्हाईक दुपारी संगणक टाकून जातं आणि संध्याकाळी मागतं. तेवढ्या मापाची दुसरी डिस्क दुकानात पडून नसते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी कोल्हापुरातून डिस्क मागवण्याची गोष्टच सोडा. शिवाय दहातल्या नऊ वेळा एफएससीकेनं काम होतंच, असं तो म्हणेल. या शेवटच्या वाक्यात एक घोटाळा आहे. ज्या नऊ वेळा काम होतं त्यांतल्या बहुतेक वेळा जर्नल वाचून काढणं किंवा प्रीनमधली किरकोळ दुरुस्ती एवढंच घडलेलं असतं. ते आपोआपही झालं असतं. प्रश्न विचारले जातात ती वेळ या नऊंतली नसते, दहावी असते, आणि नऊंच्या यशावरून दहावीचा अंदाज बांधता येत नाही. डिस्क नसण्याचा मुद्दा मात्र खरा, पण त्यावर उपाय आहेत आणि ते फारच कमी वापरले जातात. ई-टू-इमेज या आज्ञेनं फक्त रचनेची प्रत काढता येते, मजकूर सोडून. ती डिस्कच्या मानानं इतकी लहान असते की बहुधा पेन ड्राइव्हवर मावते. त्या प्रतीवर एफएससीके चालवून बघितला तर खऱ्या डिस्कवर काय झालं असतं, किती फाइली लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये गेल्या असत्या, याची रंगीत तालीम मिळते. एफएससीकेला 'झेड' पर्यायानं अनडू फाइल देता येते. बदललेल्या प्रत्येक ब्लॉकचं जुनं रूप तिच्यात राहतं आणि ई-टू-अनडूनं मागं येता येतं. ती फाइल अर्थातच दुसऱ्या साठवणीवर ठेवायची. 'एन' पर्याय तर फुकटच आहे, तो नुसतं सांगतो, करत काही नाही. फक्त तो जर्नल वाचून काढत नसल्यामुळे नसलेल्या चुकाही दाखवतो, हे लक्षात ठेवून यादीकडे बघावं. बारा तासांचं काम नको असेल तर ही वीस मिनिटांची वाट आहे. संध्याकाळी गिऱ्हाइकाला यंत्र देताना किमान काय गमावलं ते तरी सांगता येतं.

असाच एक कमी वापरला जाणारा उपाय सुपरब्लॉकसाठी, म्हणजे फाइल सिस्टिमची मूळ माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकसाठी आहे. मुख्य सुपरब्लॉक गेला असेल तर प्रकरण दिसायला भयंकर आणि निस्तरायला सोपं असतं. डिस्कवर काही आहे हेच लिनक्सला ओळखता येत नाही, आणि घाईत माणूस नव्यानं फॉरमॅट मारतो. सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कवर जागोजागी असतात. नेहमीच्या चार किलोबाइट ब्लॉकच्या रचनेत पहिली ३२७६८ व्या ब्लॉकवर, पुढची ९८३०४ व्या. तिथून वाचायला सांगितलं की बहुधा सगळं समोर येतं.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: दोष नेहमी खालच्या थरातच असतो हे कशावरून? फाइल सिस्टिममध्येही चुका असतातच. असतात. २०२३ च्या डिसेंबरमध्ये डेबियन १२.३ ही आवृत्ती ऐन प्रकाशनाच्या दिवशी थांबवावी लागली, कारण तिच्यातल्या ६.१.६४ या कर्नलमध्ये ईएक्सटी-फोर विशिष्ट पद्धतीनं लिहिताना डेटा बिघडवत होती. पण या उदाहरणातही एफएससीके निरुपयोगीच होता: रचना ठीक होती, मजकूर चुकीच्या जागी लिहिला जात होता. २०१८ च्या अखेरीस ४.१९ कर्नलवर फाइल सिस्टिम विस्कटू लागल्या तेव्हा सगळ्यांनी आधी ईएक्सटी-फोरलाच आरोपी ठरवलं. काही आठवड्यांच्या तपासानंतर चूक सापडली ती फाइल सिस्टिमच्या खाली, डिस्ककडे मागण्या पाठवणाऱ्या ब्लॉक थरात. त्या मधल्या काळात ज्यांनी तोच कर्नल चालू ठेवून वारंवार एफएससीके केला, त्यांची डिस्क पुन्हा पुन्हा बिघडत राहिली. दोष कुठल्याही थरात असो, तो ओळखण्याआधी केलेली दुरुस्ती टिकत नाही.

तिसरा आक्षेप सल्ल्याच्या रूपात हमखास येतो: ईएक्सटी-फोर सोडा, बीटीआरएफएस घ्या. फेडोरानं २०२० पासून डेस्कटॉपसाठी ती घेतलीही आहे. ती मजकुराचाही चेकसम ठेवते हा मोठाच फायदा. फाइल बिघडली तर निदान कळतं. पण एकाच डिस्कवर मजकुराची दुसरी प्रत नसते, त्यामुळे कळलं तरी परत कुठून आणायचं हा प्रश्न तसाच. आणि तिची दुरुस्तीची आज्ञा माहीतगाराच्या सल्ल्याशिवाय चालवू नका असा इशारा स्वतःच देते. एक्सएफएस याबाबतीत जास्त शिस्तीची आहे. जर्नल अपुरं असेल तर एक्सएफएस-रिपेअर सरळ नकार देतं, आधी डिस्क जोडून जर्नल पुरं होऊ द्या म्हणतं. शेवटचा उपाय म्हणून 'एल' पर्याय आहे, तो जर्नलच पुसतो. लोक पहिल्याच झटक्याला 'एल' देतात, हा भाग वेगळा.

उरतो विजेचा प्रश्न, आणि तिथं इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त असलेल्यांशी थोडा वाद घालावा लागेल. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरवर एक लहानसं बटण असतं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असेल तर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो. पंख्याला आणि दिव्याला ते जाणवतही नाही. संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, जुना आणि स्वस्तातला त्याहून कमी. बटण चुकीच्या बाजूला असलं की इन्व्हर्टर असूनही संगणक प्रत्येक वेळी रीस्टार्ट होतो, आणि मालक दोष लिनक्सला देतो. वीज गेल्याचं संगणकाला कळवणारा यूपीएस असेल तर बॅटरी संपण्याआधी यंत्र आपोआप नीट बंद करता येतं. लिनक्सवर नेटवर्क यूपीएस टूल्स हे साधन त्यासाठीच आहे, फक्त यूपीएसची यूएसबी केबल जोडलेली हवी. ती बहुतेकदा खोक्यातच पडून असते.

महाविद्यालयीन प्रकल्पांतल्या रास्पबेरी पायचा प्रश्न थोडा निराळा. तिथं ईएक्सटी-फोर एसडी कार्डावर असते, बंद करण्याचं बटण बहुतेक मॉडेलांना नसतं आणि मुलं थेट वायर ओढतात. कार्डाच्या आतला नियंत्रक एका वेळी मोठा तुकडा पुसून लिहितो; लिहितानाच वीज गेली तर शेजारच्या, ज्यांना कुणी हातही लावला नव्हता अशा फाइलीही जाऊ शकतात. कितीही चांगलं जर्नल असलं तरी स्वतः न लिहिलेल्या ब्लॉकची जबाबदारी ते घेऊ शकत नाही. अशा यंत्रावर एफएससीके करत बसण्यात अर्थ नाही. कार्ड बदलावं, मुख्य भाग ओव्हरले पद्धतीनं फक्त वाचण्यापुरता ठेवावा आणि मोजमापांच्या नोंदी वेगळ्या विभागावर किंवा सरळ दुसऱ्या यंत्रावर पाठवाव्यात. शेतातल्या ओलाव्याची नोंद घेणारा पाय असेल तर दर मिनिटाला लिहिण्याऐवजी मेमरीत साठवून तासातून एकदा लिहिलं तरी कार्डाचं आयुष्य वाढतं. फार तर तासाभराच्या नोंदी जातील, आणि उसाच्या फडाला तेवढं चालतं.